वर्ग आणि अंतराळ

सातारा

चि. वैशालीस,

तुझे सांगलीहून आलेले पत्र पावले. शाळेतील नोकरी म्हणजे खगोलशास्त्राच्या अभ्यासात आलेला निव्वळ खोळंबा, तेव्हा राजीनामा देऊन मोकळे व्हावे, असा तुझा मनोदय वाचला. म्हणूनच बार्बरा मॉर्गन या शिक्षिकेचे चरित्र तुझ्यापुढे ठेवतो.

अमेरिकेतील आयडाहो राज्यात, मॅकॉल या लहान गावच्या प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्या या बाईंची १९८५ मध्ये, अकरा हजारांहून अधिक अर्जांतून, क्रिस्टा मॅकॉलिफ या शिक्षिकेची राखीव उमेदवार म्हणून अंतराळप्रवासासाठी निवड झाली. दोघींनी एकत्र तालीम घेतली; आणि २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत 'चॅलेंजर' यानाचा विध्वंस होऊन क्रिस्टासह सातही जण मृत्युमुखी पडले. अशा आघाताने कोणीही खचून गेले असते. परंतु बार्बराबाईंनी दिवंगत सहकारिणीची जबाबदारी शिरावर घेऊन देशभर फिरून विद्यार्थ्यांशी संवाद साधला आणि त्याच वर्षी त्या आपल्या शाळेत पुन्हा रुजू झाल्या. १९९८ मध्ये 'नासा'ने त्यांना पूर्णवेळ अंतराळवीर म्हणून घेतले. पुढे २००३ मध्ये कल्पना चावलांसह 'कोलंबिया' यान नष्ट झाले आणि प्रतीक्षा लांबली. अखेर ८ ऑगस्ट २००७ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्या 'एंडेव्हर'मधून अंतराळ स्थानकाकडे निघाल्या. तेथे त्यांनी यांत्रिक बाहू चालविला आणि आयडाहोतील मुलांच्या प्रश्नांना उत्तरेही दिली.

मला अधिक वंदनीय वाटतात ती १९८६ ते १९९८ ही वर्षे, ज्यांत उड्डाणाची शाश्वती नसतानाही त्यांनी वर्गाकडे पाठ फिरविली नाही. आपल्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रुजविले, त्याचा मथितार्थही हाच, की चरितार्थाचे श्रम आणि विद्येची उपासना यांत वैर नाही. ज्ञानाची आकांक्षा बाळगणारी शिक्षिका तीच आकांक्षा नकळत शेकडो मुलांत पेरीत असते, आणि हे कार्य कोणत्याही पदवीहून कमी योग्यतेचे नाही.

तेव्हा उच्च शिक्षणासाठी अर्ज अवश्य कर, लागेल तितकी रजा खात्याकडे रीतसर माग, रात्री जागून अभ्यास कर. मात्र राजीनामा देऊ नकोस, आणि जोवर वर्गात आहेस तोवर पूर्ण मनाने शिकव.

तुझा
काका