गव्हाच्या शेतांतील लढाई

युद्धाच्या चित्रपटांत शत्रु ओळखणें बहुधा सोपें असतें. त्याचा गणवेश निराळा आणि भाषाही निराळी. परंतु एकाच वेशीच्या आंतलीं माणसें दोन मतांचीं होऊन शस्त्रें उचलूं लागलीं म्हणजे काय होतें? या प्रश्नाचा विचार करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही पाओलो व वित्तोरिओ ताविआनी या बंधूंचा 'ला नोत्ते दि सान लोरेन्झो' (१९८२) हा इटालियन चित्रपट सुचवितों.

यासाठीं थोडा इतिहास ठाऊक हवा. १९४३ च्या जुलैंत मुसोलिनी पदच्युत झाला. सप्टेंबरांत इटलीचा युद्धविराम जाहीर होतांच जर्मनांनीं देशाचा बराच भाग व्यापला व मुसोलिनीस पुन्हां सत्तेवर बसविलें. तेव्हांपासून काळ्या सदऱ्यांचे फॅसिस्ट आणि त्यांचे रानोमाळ लपलेले विरोधक असे इटालियनांतच दोन तट पडले. (दक्षिणेकडून येणाऱ्या दोस्त सैन्यांत मराठेही होते, नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत धारातीर्थीं पडले व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.)

चित्रपटांतील गांव तस्कनी प्रांतांतलें. सर्वांनीं मुख्य देवळांत जमावें, असा जर्मनांचा हुकूम सुटतो. कांहीं जण बिशपसमवेत तेथेंच राहतात. कांहीं मात्र वृद्ध गाल्व्हानोच्या मागून काळोखांत अमेरिकन सैन्याच्या शोधार्थ निघतात. मागें राहिलेल्यांवर देवळांतच स्फोटाचा घाला पडतो.

निघालेल्यांची गांठ पुढें गव्हाच्या शेतांत फॅसिस्टांशीं पडते. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांस नांवानिशीं ओळखतात! पिकाआड दडून ते एकमेकांस टिपतात. शेवटीं एक मिसरूडही न फुटलेला फॅसिस्ट मुलगा सांपडतो. बाप गयावया करीत असतां त्याच्या डोळ्यांदेखत त्यास गोळी घालण्यांत येते. दिग्दर्शकांनीं दोन्ही पक्षांस एका मापानें मोजलेलें नाहीं. गांवास छळणाऱ्यांची चाकरी कोण करतें, हें ते स्पष्ट दाखवितात. तथापि न्याय्य पक्षाच्या हातून घडलेलें तें कृत्य त्यांनीं झांकलें नाहीं, यांतच आम्हांस त्यांचें मोठेपण वाटतें.

हें सारें सहा वर्षांच्या चेचिलियाच्या दृष्टीनें सांगितलेलें आहे. ऐन लढाईंत तिला होमरच्या काव्यांतले शिरस्त्राणधारी वीर भाले फेंकतांना दिसतात. कोणी यास विसंगति म्हणतील; आम्ही म्हणत नाहीं. एवढ्याशा मुलीनें शेजाऱ्यानें शेजाऱ्यास मारलेलें दुसऱ्या कोणत्या रीतीनें समजून घ्यावें?

कथेस सत्याचा आधार आहे. दिग्दर्शकांचें जन्मगांव सान मिनिआतो. तेथील देवळांत २२ जुलै १९४४ रोजीं ५५ माणसें मेलीं. चित्रपटांत दोष जर्मनांकडे जातो, व गांवांतही बरींच वर्षें तसेंच मानीत. पुढील संशोधनांत मात्र तो अमेरिकन तोफेचा गोळा ठरला, आणि जर्मनांस दोषी म्हणणाऱ्या शिलालेखाच्या शेजारीं २००८ सालीं दुसरा शिलालेख बसविण्यांत आला.