श्वासाचे नियंत्रण आणि विहिरीतील धोका

प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारणपणे १२ ते १८ वेळा श्वास घेतो आणि दर श्वासागणिक सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. झोपेतही यात खंड पडत नाही. हृदयाला स्वतःची गती असते. फुप्फुसांना ती नाही. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या माथ्यावर असलेल्या लंबमज्जेतील श्वसनकेंद्राकडून आदेश निघतात व ते मज्जातंतूंवाटे श्वासपटलास आणि बरगड्यांमधील स्नायूंस पोहोचतात. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. स्नायू सैल पडले की ती बाहेर जाते.

बोलताना, गाताना वा बुडी मारताना हा क्रम मनुष्य स्वेच्छेने बदलू शकतो. परंतु ही सत्ता अल्पकाळाची असते. थोड्याच वेळात केंद्र आपला अंमल पुन्हा बसविते.

श्वासाची गरज या केंद्रास कशावरून कळते? प्राणवायू कमी पडला की जीव गुदमरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूभोवतीच्या द्रवाची आम्लता वाढते आणि त्याची दखल घेऊन केंद्र श्वासाचा वेग वाढविते. इंग्लंडमधील हॉल्डेन व प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिले. प्राणवायू जोखणारी यंत्रणा मानेतील रोहिण्यांपाशी आहे खरी. पण रक्तातील प्राणवायू बराच घटल्यावरच ती जोराने जागी होते.

विहिरीत सूर मारणारी मुले पैज लावून पाण्याखाली राहतात आणि त्याआधी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्यामुळे प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो. परिणामी गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच प्राणवायू संपतो आणि उत्तम पोहणारा मुलगाही पाण्याखाली बेशुद्ध होतो. शाळांतून हे आवर्जून सांगितले पाहिजे.

बंद लोखंडी टाकीत गंज चढताना आतील प्राणवायू खर्च होतो. तेथे उतरणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासाबरोबर नेहमीसारखा बाहेर पडत राहतो. म्हणून धाप न लागताच तो कोसळू शकतो. धान्याचे पेव किंवा पडीक विहीर यांच्या तळाशी कार्बन डायऑक्साइडच साठतो. तेथे धाप लागते, परंतु प्रमाण फार असल्यास वर येण्याइतकाही अवधी मिळत नाही. पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच ठेवून मग दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत शहाणपणाची होती. हीच रीत गोबरगॅसच्या खड्ड्यास किंवा सेप्टिक टँकला लावणे मात्र घातक ठरेल, कारण तेथील मिथेन पेट घेतो. सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही असतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढल्यावर येईनासा होतो, आणि उतरणाऱ्यास धोका टळल्यासारखे वाटते.

हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यान्वये, संरक्षक साधने न पुरविता कोणासही गटार वा सेप्टिक टँक साफ करावयास लावण्यास मनाई आहे. स्थानिक संस्थांनाही हे बंधन लागू आहे, याचे स्मरण ग्रामपंचायतींनी ठेवावे.

अशा जागी एक जण पडला की दुसरा त्यास काढावयास धावतो आणि तोही आतच राहतो. प्राणवायूवाचून मेंदूस इजा होण्यास चार-पाच मिनिटे पुरतात. तेवढ्या वेळात वरून ओढून काढता यावे, यासाठी विहिरीत उतरणाऱ्याच्या छातीभोवती दोर आधीच बांधलेला असावा आणि त्याचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्या किमान दोघांच्या हाती असावे.