प्रौढांचे वाचन आणि शिक्षकाची तयारी

दिल्लीत १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने नवसाक्षराची कसोटी आकड्यांत बांधली होती : प्रकट वाचन मिनिटास ३० शब्द, मूकवाचन ३५. साहित्याच्या अभ्यासकाला हे मोजमाप रुक्ष वाटेल. तथापि एकेक अक्षर जुळवीत वाक्याच्या अखेरीस पोहोचणाऱ्याच्या स्मरणातून वाक्याचा आरंभ निसटलेला असतो. वेग हा अर्थग्रहणाचाच भाग होय.

खरा प्रश्न शिक्षकाचा. सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत प्राथमिक शिक्षकांनी व शिकलेल्या गावकऱ्यांनीच वर्ग चालविले. मुलांना शिकविण्याची सवय मात्र प्रौढांपुढे अपुरी पडते. प्रौढाची भाषा सिद्ध असते. उणीव असते ती चिन्हांची. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च लिहावयास एक, उच्चारात दोन. हा भेद मराठी शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. शब्द वाक्यात आला की तो आपण होऊन योग्य उच्चार करतो. ‘ज्ञ’ मराठीत व हिंदीत वेगळा उच्चारला जातो, म्हणून हिंदी प्रवेशिकेचे नुसते भाषांतर येथे निरुपयोगी. प्रशिक्षणात घोकंपट्टीपेक्षा ध्वनी व चिन्ह यांची सांगड घालण्यास अधिक तास हवेत. जोडाक्षरे शेवटी ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु ‘ग्रामपंचायत’ हा शब्द प्रौढाला पहिल्याच आठवड्यात वाचावयाचा असतो.