मे महिन्याचा पगार मिळतो का, हे विचारा

शाळेच्या बसची चौकशी करताना आपण पालक फी विचारतो, स्टॉप विचारतो, फार तर जीपीएस आहे का ते पाहतो. पुण्यातल्या एका शाळेच्या परिवहन समितीत पालक प्रतिनिधी म्हणून काम केल्यावर माझा पहिला प्रश्न बदलला आहे : ड्रायव्हरला मे महिन्याचा पगार मिळतो का?

आमच्या रूटवर दिवाळीनंतर सारखे नवे चेहरे दिसू लागले. जुने ड्रायव्हरकाका हिंजवडीच्या कंपनी बसवर गेले होते. तिथे बारा महिने पगार, इथे दहाच. शिवाय इथे दिवस पहाटेच सुरू होतो. सकाळची मुलं सोडायची, दुपारची पाळी करायची, मधले तास बसमध्येच पेंगत काढायचे आणि घरी पोचायला संध्याकाळ. पाठोपाठ बसमधल्या मावशींनीही काम सोडलं. ‘माणसं मिळत नाहीत हो,’ म्हणत ठेकेदार बदली ड्रायव्हर पाठवत राहिला.

अशाच एका बदली ड्रायव्हरनं सीनियर केजीतल्या एका मुलाला भलत्याच स्टॉपवर उतरवलं. बसमध्ये मावशी नव्हत्या. कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं मुलाला जवळ बसवून ओळखपत्रावरच्या नंबरवर फोन केला, म्हणून निभावलं. समितीनं बसची फाइल मागवली. पासिंग, विमा, परमिट, सगळं चोख! त्या दिवशी बस कोण चालवत होतं, हे मात्र फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्रात स्कूल बससाठी 2011 पासून स्वतंत्र नियमावली आहे. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी, बसमध्ये मदतनीस हवा. अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव असलेलाच ड्रायव्हर हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्येच बजावलं होतं. पण इतका अनुभवी माणूस दहा महिन्यांच्या पगारावर टिकेल कसा?

बसमालकांची अडचणही खोटी नाही. एकच बस दोन पाळ्यांत फिरते, तेव्हा कुठे हप्ता आणि डिझेल सुटतं. 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय आला, तेव्हा बसमालकांनी विरोध केला तो यामुळेच. फेऱ्यांचं गणित कोलमडतं आणि बस ऐन गर्दीत अडकते. आणि सुट्टीतली बस फी कशाला द्यायची, म्हणून वाद घालणारे आपणच असतो. ती वजावट शेवटी ड्रायव्हर आणि मावशींच्याच पगारातून होते.

आमच्या समितीत बऱ्याच वादावादीनंतर तोडगा निघाला. फी वर्षाची ठरवायची, पण करारात अट घालायची की ड्रायव्हर आणि मावशींचा पगार बाराही महिने बँकेत जमा होईल आणि त्याचा तपशील समितीला दिसेल.

तुमच्या शाळेत एवढं तरी करून घ्या :

• परिवहन समितीत कोण कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, ते विचारा.

• नेहमीच्या ड्रायव्हरसोबत बदली ड्रायव्हरचंही लायसन्स, बॅज आणि पोलीस पडताळणी जूनमध्येच शाळेकडे जमा असू द्या. ऐन वेळी कुणालाही पाठवणं बंद होईल.

• मावशी नसतील तर बस सुटणार नाही, हे लेखी घ्या. अशा दिवशी मुलांना स्वतः सोडायची तयारी आपणही ठेवायला हवी.

• स्टॉपनिहाय मुलांची यादी आणि पालकांचे नंबर कागदावर, बसमध्येच हवेत. जुन्या ड्रायव्हरच्या मोबाइलमधली यादी नव्याच्या उपयोगाची नाही.

• लहान मूल ठरलेल्या माणसाच्याच ताब्यात द्यायचं. तो माणूस स्टॉपवर नसेल तर मूल बसमध्येच राहील आणि पुन्हा शाळेत येईल.

• वर्षात ड्रायव्हर दोनदा बदलला, तर कारण विचारा. ‘गावी गेला’ एवढ्यावर समाधान मानू नका.

बसची फी ठरते फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. पगाराची अट तेव्हाच घालून घ्या. जूनमध्ये बस सुरू झाली की ठेकेदार ऐकत नाही, आणि आपल्यालाही मुलाला शाळेत पोचवायची घाई असते.