हवा किती भरावी?

नौपाडा, ठाणे

चि. सोनूस,


डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्याने तू सायकलवर कामाला जाऊ लागलीस, असं ताईने सांगितलं. फार आनंद झाला. टायरमध्ये हवा किती ठेवायची, असं तू विचारलं आहेस. हा प्रश्न ब्रेकइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

टायरच्या कडेला रबरातच उठवलेली अक्षरं असतात, ती आधी वाच. २६ बाय १.९५च्या टायरवर बहुधा ४० ते ६५ पीएसआय असं लिहिलेलं असतं. त्यातला मोठा आकडा ही वरची मर्यादा. रिमवर त्याहून कमी आकडा असेल, तर तो पाळायचा. तुझं वजन पंचावन्न किलोच्या आसपास. तुला पुढे ४० आणि मागे ४५ पुरे. मागच्या चाकावर भार जास्त येतो, म्हणून तिथे थोडी अधिक. कॅरिअरला लॅपटॉप आणि डबा बांधलास, तर मागे आणखी पाच वाढव.

हवा ठासून भरली की पेव्हर ब्लॉकवर, काँक्रीटच्या सांध्यांवर चाक उसळतं. उसळलेल्या चाकाला पकड नसते, आणि नेमका तेव्हाच ब्रेक दाबावा लागला तर सायकल घसरते. हवा कमी असली तर खड्ड्याची कड ट्यूबला रिमवर चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाल्याने तशी जोडी दाखवली, तर खिळा शोधत बसू नकोस. हवा कमी होती असं समज.

येऊरला जाणाऱ्या मित्रांच्या रेसिंग सायकलींत ८०-९० पीएसआय असते. त्यांचे टायर बारीक, तुझे रुंद. रुंद टायरला तेवढंच वजन पेलायला कमी दाब लागतो, त्यामुळे त्यांचे आकडे तू घेऊ नकोस.

पेट्रोल पंपावरची नळी शक्यतो टाळ. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी. काही क्षणांतच दाब मर्यादेपलीकडे जातो आणि ट्यूब फुटते. त्यापेक्षा गेज असलेला उभा पंप घे. तुझ्या सायकलचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा आहे, त्यावर गेज नीट चालतं. अंगठ्याने दाबून अंदाज बांधू नकोस, तो फसवा असतो. पंक्चर नसलं तरी रबरातून हवा हळूहळू झिरपते, म्हणून दर रविवारी तपास.

आठवडाभर ४०-४५वर चालवून पाहा. धक्के फार बसले किंवा टायर जड वाटला, तर दोन-तीन पीएसआयने बदल कर. मात्र टायरवरच्या दोन्ही आकड्यांच्या आतच राहा. टायरच्या कडेला चिरा दिसल्या, तर कुठलाच दाब सुरक्षित नाही. त्या दिवशी रिक्षाने जा आणि टायर बदलून घे.

तुझा,
मामा