अडकित्ता : घरगुती वस्तूंचा एक पाठ
(वरच्या वर्गांच्या शिक्षकांसाठी)

वस्तुसंग्रहालय म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे तलवारी उभ्या राहतात. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले म्हणजे हा समज पालटतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांतून समया, दौती, फण्या, वज्र्या, अडकित्ते अशा नित्याच्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. बालवयात निवर्तलेल्या राजा या पुत्राचे नाव त्यांनी संग्रहास दिले व १९७५ मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला.

पाठासाठी अडकित्ताच निवडावा. त्याची दोन अंगे एका टोकाशी खिळीने जोडलेली असतात; सुपारी खिळीजवळ ठेवावयाची आणि जोर दुसऱ्या टोकास लावावयाचा. खिळीपासून सुपारी एक अंगुळावर व मूठ पाच अंगुळांवर असेल, तर हाताचा जोर सुमारे पाचपट होऊन सुपारीवर पडतो. तरफेचा दुसरा प्रकार फळ्यावर काढण्यापूर्वी मुलांच्या हाती हा द्यावा. अंग पितळेचे असले तरी पाते पोलादाचे का, हेही त्यांनाच विचारावे. पितळेला धार टिकत नाही, हे बहुधा एखादी मुलगीच सांगेल. पुढे आकाराकडे वळावे. कोणी कारागीर त्याचा पोपट करतो, कोणी घोडा, कोणी आलिंगन दिलेले दांपत्य. यांतल्या एकानेही सुपारी अधिक बारीक कातरली जात नाही, तरी कारागिराने तेवढे श्रम घेतलेच. गुजरातेत यालाच सुडी व उत्तरेत सरौता म्हणतात. आपला शब्द मात्र कानडीच्या घरचा. तेथे सुपारीला ‘अडके’ म्हणतात.

एका शाळेत या पाठासाठी एका मुलाने आजीचा मोराच्या आकाराचा अडकित्ता आणला होता. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा तो मोडीत गेला होता. पितळ तोलले गेले, मोर कोणी तोलला नाही. त्या मुलाने वहीत त्याचे चित्र काढून ठेवले होते, म्हणून निदान आकार तरी उरला.

यासाठी वस्तू वर्गात येताच तिची नोंद करून घ्यावी : घरात तिला काय म्हणतात, धातू कोणता, लांबी व वजन किती, कोणाच्या हातून कोणाकडे आली, कोठे घडविली. सोबत मुलाने स्वतः काढलेले चित्र असावे. वस्तू शाळेत ठेवून घेऊ नये. त्याच दिवशी घरी परत पाठवावी.