तडा गेलेली इमारत

गावच्या शिंप्याने शिवलेला सदरा असेल, तर शिवणाराचे नाव आपल्याला ठाऊक असते. बाजारातून तयार सदरा आणला, तर तो कोणी शिवला हे आपण विचारतही नाही. असे कपडे शिवणाऱ्या माणसांची एक खरी हकीगत आम्ही येथे सांगतो.

बांगला देशाची राजधानी ढाका. ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. खाली बँक व दुकाने, वर शिलाईचे पाच कारखाने. कामगारांत बायाच जास्त. त्यांनी शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेत विकायला जात.

२३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला मोठे तडे गेलेले दिसले. माणसे बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी बँक बंद राहिली. शिलाईच्या कामगारांना मात्र कामावर बोलावले. पुष्कळजण आत जायला भीत होते. तेव्हा पगार कापण्याची धमकी मिळाली. हातावर पोट असलेला माणूस काय करणार? ती माणसे आत गेली. सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसे मेली. सुमारे २५०० जखमी झाली.

तडा दिसत असताना ती आत गेलीच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे. त्या पाचही कारखान्यांत कामगारांची संघटना नव्हती. संघटना काढणे सोपेही नव्हते. नोंदणीचा अर्ज केला, की पुढाऱ्यांची नावे सरकारी कचेरीतून मालकाला कळत. मग त्यांना कामावरून काढायला कितीसा वेळ? शिवाय परदेशी गिऱ्हाइकाला माल स्वस्त हवा आणि वेळेवर हवा. तो सगळा भार शेवटी शिवणाराच्या पाठीवर येई.

पुढे कामगार रस्त्यावर उतरले. मे २०१३ मध्ये कामगार संघटना व परदेशी कंपन्या यांच्यात लेखी करार झाला. २०० हून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. इमारतींची तपासणी सुरू झाली. इमारत धोक्याची असेल तर आत जायला नकार देण्याचा हक्क त्यात लिहिला गेला. नावे मालकाला कळवण्याचा नियमही त्याच वर्षी गेला. महिन्याचे किमान वेतन ३००० टाकांवरून ५३०० टाका झाले.

एवढ्याने सारे दुःख सरले नाही. २०२३ साली कामगारांनी २३००० टाका मागितले. १२५०० ठरले. त्या आंदोलनात काहींचे प्राणही गेले.

एकटा माणूस 'आत जाणार नाही' म्हणाला, तर त्याची भाकर जाते. सगळे मिळून म्हणाले, तर ऐकावे लागते. आणि ऐकलेले कागदावर उतरवून घ्यावे लागते. तो कागद आपल्याला वाचता आला पाहिजे.

प्रश्न
१. बँक बंद राहिली, पण कारखाने का चालू झाले?
२. करारात कोणता हक्क लिहिला गेला?
३. तुमच्या कामाच्या जागी धोका दिसला, तर तुम्ही कोणाकोणाला बरोबर घ्याल?